समुद्रकाठच्या लग्नाचं बोलावणं

श्रीलंकेहून परत आल्यापासून माझ्या दुकानात ब्लाऊज टाकायला येणारी प्रत्येक बाई मापाच्या आधी श्रीलंकेचं विचारते. शेलूबाजारला हायवेलगत, जीप भरतात त्या जागेसमोरच माझं शिलाईचं दुकान आहे, त्यामुळे बायांची कमी नाही आणि प्रश्नांचीही नाही. "इमानात भेव वाटलं काय वं?" "तिकडं पोळी भेटते काय?" एकीनं तर आवाज बारीक करून विचारलं, "नवरी खरंच समुद्रात उभी राहून लगन लावते काय?" सगळ्यांना तेच ते सांगून माझा घसा बसला. म्हणून आता लिहूनच काढते. आपल्याकडची पोरं पुण्या-हैदराबादला नोकरीला लागली आहेत आणि त्यांची लग्नं कुठं लागतील याचा नेम राहिलेला नाही. उद्या तुमच्या घरीही असं आमंत्रण येऊन थडकेल, तेव्हा माझं हे पुराण कामी पडलं तर बरंच.

लग्न माझ्या पुतण्याचं. सुमेध हा माझ्या थोरल्या दिराचा मुलगा, आमच्या गावच्या, किन्हीराजाच्या शाळेत शिकून पुण्याच्या कंपनीत गेलेला. मुलगी प्रांजली, त्याच्याच ऑफिसातली, पुण्यातच वाढलेली. तिचे वडील बँकेतून रिटायर झालेले, बोलायला गोड. दोन्ही घरं बौद्ध, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. मग पोरांनी जाहीर केलं की लग्न श्रीलंकेत, समुद्राकाठी, मोजक्या माणसांत. आमच्या भाऊजींना, म्हणजे सुमेधच्या वडिलांना, आधी धक्का बसला. पण तो बुद्धाचा देश आहे हे आठवलं तसे ते एकदम राजी झाले आणि गावभर सांगत सुटले.

राजी नव्हती ती एकटी शेवंताआक्का. आक्का भाऊजींची थोरली बहीण, माझी नणंद. सुमेध अंगणात रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. आक्का तोवर विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या. त्यांनी ते पोर जे मांडीवर घेतलं ते थेट नोकरीला लागेपर्यंत. त्याच्या तापात जागल्या, त्याच्या शाळेच्या फाटकाशी डबा घेऊन उभ्या राहिल्या. पण पुण्यात साखरपुडा झाला तेव्हा मंचावर मुलीचे आई-बाप बसले, भाऊजी बसले आणि भाऊजींच्या शेजारची खुर्ची कुणीतरी जास्तीची म्हणून उचलून नेली. आक्का मागच्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पण परत येताना जीपमध्ये त्या मला हळूच म्हणाल्या, "लग्नातबी असंच होईन काय वं?"

आमच्यात लग्नाच्या वेळी दोन्हीकडचे आई-बाप मंचावर येऊन मेणबत्ती लावतात, फुलं वाहतात. मग त्रिशरण-पंचशील होतं आणि मग हार पडतात. त्या मेणबत्तीला सुमेधच्या आईच्या जागी कुणाचा हात लागणार, एवढाच आक्कांचा प्रश्न होता. तो त्यांनी पुन्हा कुणाला विचारला नाही. मला मात्र तो पूर्ण प्रवासभर पायात काट्यासारखा सलत राहिला.

निघण्याआधी

पासपोर्ट लग्नाची तारीख ठरल्यावर काढायचा नसतो, पोरगं "एक मुलगी आहे" म्हणालं की त्याच आठवड्यात काढायचा असतो. आम्ही उशीर केला आणि सगळे हैराण झालो. फोटोवाल्यानं आक्कांना "हसू नका" म्हणून बजावलं तर त्या म्हणाल्या, "मी कवा हासतो?" आणि नेमकं तेव्हाच त्यांना हसू आलं. तीनदा फोटो काढावा लागला.

दुसरं, कपडे. जड भरजरी साड्या घरीच ठेवा. तिथली हवा दमट, अंगाला चिकटते, आणि वाळूत पदर ओला झाला की तो वाळतच नाही. आमच्या मंडळींनी माझं ऐकून सुती आणि हलक्या साड्या घेतल्या. टाचेची चप्पल वाळूत रुतते, साधी रबरी चप्पल न्या आणि फोटोपुरती चांगली पिशवीत ठेवा. मोबाईलचं चार्जर तिथल्या बोर्डात बसत नाही, पिना चौकोनी असतात. त्याचा जोड आधीच घ्या, नाहीतर आमच्यासारखं सगळ्या वऱ्हाडाला एका जोडावर रांग लावावी लागेल.

आणि कात्री पर्समध्ये ठेवू नका. माझी कपडा कापायची मोठी कात्री मी हातातल्या पर्समध्ये घेतली होती. लग्नाला कात्री कशाला, असं आमचे हे आजही विचारतात. अहो, लग्नात ब्लाऊज उसवतंच! पण ती सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तपासणीवाल्या पोरीनं ती दोन बोटांत अशी धरली जशी काही मी विमानच बेतायला निघाले होते. वीस वर्षांची हातात बसलेली कात्री तिथंच राहिली, मला फार वाईट वाटलं.

पहिला दिवस, बेंटोटा

विमानाचं काही सांगत नाही, बसायचं आणि उतरायचं. कोलंबोपासून बसनं दोन-अडीच तासांवर बेंटोटा नावाचं समुद्राकाठचं गाव आहे, तिथं हॉटेल होतं. वाटेत बस थांबवून सगळ्यांना शहाळी दिली. तिथली शहाळी केशरी रंगाची, आणि पाणी आपल्याकडच्यापेक्षा गोड. भाऊजींनी दोन प्यायली आणि मलई खाऊन करवंटी बसमध्येच ठेवून घेतली, घरी दाखवायला. ती दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी दाखवून दिली.

मी मात्र खिडकीतून बायांच्या साड्या पाहत होते. तिथल्या साडीला कमरेशी झालर काढतात, मागं पंख्यासारखी, आणि ब्लाऊजच्या बाह्या खांद्याशी फुगीर. एक बाई स्टॉपवर उभी होती, तिच्या बाहीची बैठक इतकी सुरेख की मला बस थांबवून उतरावंसं वाटलं. परत आल्यावर मी तशी बाही तीन जणींना शिवून दिली आहे. एकीच्या नवऱ्याला आवडली नाही, तो वेगळा विषय.

हॉटेलच्या दारात मुली हात जोडून "आयुबोवन" म्हणाल्या. तुम्हाला दीर्घ आयुष्य लाभो, असा त्याचा अर्थ. आक्कांनी पण हात जोडले आणि खणखणीत "जय भीम" घातला. मुली गोड हसल्या. आक्कांना बरं वाटलं, म्हणाल्या, "मानसं चांगली दिसतात."

संध्याकाळी जेवण साडेसातला, असा मेसेज सगळ्यांच्या मोबाईलवर आला होता. आम्ही आंघोळी करून, चांगले कपडे घालून खोलीत तयार बसलो. आठ वाजले. साडेआठ वाजले. आमचे हे पलंगावर बसून पोटावरून हात फिरवत होते.

"अवं, कोनी आलं काय बोलवाले?"

"येतीन. मुलीकडचे हायेत, येतीनच."

आता शहरातल्या वाचकांना हे सांगावं लागेल. आमच्याकडं जेवण तयार झालं की मुलीकडचा कुणीतरी सोयऱ्यांच्या बिऱ्हाडी येतो, "चला जी पाव्हणे, ताटं वाढली" म्हणतो, मग पाव्हणे उठतात. न बोलावता पंगतीत जाऊन बसला तो हावरा. आणि पहिल्याच बोलावण्याला उठला तोही हावराच, निदान एकदा तरी "होऊ द्या, घाई काय हाये" म्हणावं लागतं. आम्ही सगळे म्हणण्याच्या तयारीत होतो, पण म्हणायचं कुणाला? कुणी आलंच नाही. शेवटी मी आक्कांनी बांधून दिलेली ज्वारीची भाकर आणि तिळाची चटणी काढली. समुद्राच्या गाजेत, गार खोलीत, पांढऱ्याशुभ्र चादरीवर वर्तमानपत्र अंथरून आम्ही भाकर खाल्ली. खरं सांगते, चव लागली. पण मान दुखावला गेला तो गेलाच.

सकाळी न्याहारीला कळलं की किन्हीराजाची सगळीच मंडळी रात्री अशीच बसून होती. कुणी चिवडा खाल्ला, कुणी नुसतं पाणी पिऊन झोपलं. प्रांजलीचे बाबा हसत आले. "काल तुम्ही कुणी दिसला नाहीत. प्रवासानं दमला असाल, म्हणून मुद्दाम त्रास दिला नाही." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. "हो जी, जरा दमलोच होतो." त्यांच्या तोंडावर खरं कोण सांगणार? त्या माणसानं आमच्या काळजीपोटीच केलं होतं, आणि आम्ही त्याच काळजीनं उपाशी झोपलो होतो.

तर पाव्हण्यांनो, अशा लग्नात जेवणाची वेळ लिहिली असेल त्या वेळी लाज सोडून सरळ जा. मी सांगते म्हणून जा.

दुसरा दिवस, विहार, घोरपड आणि हळद

सकाळी बस आम्हाला जवळच्या गावातल्या विहारात घेऊन गेली. आक्कांनी पांढरं पातळ नेसलं होतं, त्या बहुतेक तेच नेसतात. आपल्याकडं पुण्या-मुंबईत पांढऱ्या पातळातल्या म्हाताऱ्या बाईला लोक ओलांडून पुढं जातात. तिथं विहारात जाणारा जो तो पांढऱ्यात होता आणि आक्कांना पाहून लोक बाजूला होऊन वाट देत होते. बोधीवृक्षाला पाणी घालायला बायांची रांग होती. एका बाईनं आपल्या हातातली कळशी आक्कांच्या हातात दिली आणि त्यांच्या मागं उभी राहिली. आक्कांनी पाणी घातलं. मग बराच वेळ त्या झाडाखाली सावलीत बसून राहिल्या. मी विचारलं, "थकल्या काय?" तर म्हणाल्या, "नाई वं. इथं कोनी ऊठ म्हनत नाई, म्हून बसली."

एक अगदी महत्त्वाचं. बुद्धमूर्तीकडं पाठ करून सेल्फी काढू नका. तिथं तो अपमान समजतात. आमच्या ह्यांनी हात लांब करून मोबाईल धरला, तोच पहारेकरी धावत आला आणि खुणा करून त्यांना मूर्तीकडं तोंड करून उभं केलं. ह्यांना वाटलं, तो फोटो काढून देतो आहे. त्यांनी मोबाईल त्याच्या हातात दिला आणि हसून उभे राहिले. त्या बिचाऱ्यानं कपाळाला हात लावला आणि फोटो काढून दिला, ह्यांच्या पाठीचा.

दुपारी नदीतून होडीनं फिरवलं. काठाला झाडांच्या मुळांवर घोरपड पडलेली होती, आपल्या बांधावरच्या घोरपडीच्या चौपट. भाऊजी म्हणाले, "हे घोरपड नाई, हे घोरपडीचा सासरा हाये." ती पाण्यात सरकली तेव्हा होडीतल्या सगळ्यांनी पाय वर घेतले.

जेवणाचं विचाराल तर सकाळी तांदळाच्या शेवयांच्या गोल चकत्या, त्यावर खोबऱ्याची तिखट लालभडक चटणी. ती चटणी आपल्या माणसाला चालते, फक्त तीत सुकी मासळी असते काय ते विचारून घ्या. भाजीत खोबरं, डाळीत खोबरं, भातात खोबरं. तिसऱ्या दिवशी आमचे हे म्हणाले, "आता मले खोबरं दिसलं तरी पोट भरते." वऱ्हाडी माणसानं ठेचा बरोबर ठेवावा, पण डबा घट्ट बांधून. माझा सांडला आणि माझ्या पेटीकोटाला अजून लसणाचा वास आहे.

संध्याकाळी हळद होती. मी आदल्या रात्रीचं मनात धरून स्वतःच दारोदार फिरले आणि मंडळींना बाहेर काढलं. आक्कांच्या दारात गेले तर म्हणाल्या, "तू कायले बोलवाले आली? तू त आपल्यातलीच." पण मी हात धरला म्हणून आल्या, आणि कडेला खुर्ची घेऊन बसल्या. प्रांजलीच्या मैत्रिणी पिवळे कपडे, काळे चष्मे घालून नाचत होत्या. प्रांजली मध्येच येऊन आक्कांच्या शेजारी बसली, फोटो काढला, काहीबाही बोलली. आक्का "हो माय, हो माय" एवढंच म्हणाल्या. पोरगी काही वाईट नव्हती. पण तिला या माणसाशी कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं, आणि आक्का दार उघडत नव्हत्या.

मी रात्रीच तन्वीला गाठलं. तन्वी म्हणजे लग्नाचं सगळं ठरवणारी मुंबईची मुलगी, कानात यंत्र घालून दिवसभर कुणाशी तरी बोलणारी. तिला समजावलं की उद्या मुलाकडच्यांना नीट बोलवा, आमच्यात तसं लागतं. ती म्हणाली, "डोंट वरी आंटी, मी ग्रुपवर रिमाइंडर टाकते." मला वाटलं, झालं काम.

तिसरा दिवस, मंच

लग्न सूर्य मावळतानाचं. समुद्राकाठी हिरवळीवर मंच, त्यावर मूर्ती आणि फोटो, पांढरी-निळी फुलं, दोन्ही बाजूला खुर्च्या. लग्न लावणार होते प्रांजलीचे काका.

मी मंचावर नव्हते, प्रांजलीच्या खोलीत होते. ब्लाऊजचे मागचे हूक, पुण्यातल्या नामांकित ठिकाणी शिवलेले, ऐनवेळी पटापट तुटले. मी तिला उभी करून ब्लाऊज पाठीवरच शिवून टाकलं. दोरा दातानंच तोडला. शिवताना ती आरशातून माझ्याकडं बघत होती.

"काकू, आत्या माझ्यावर नाराज आहेत का?"

"नाई वं माय. त्या तशाच हायेत. श्वास धर, सुई लागंन."

तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं, असं मला नंतर वाटलं. पण नवरीला मंचावर जाता जाता कोण असलं सांगतं?

आम्ही बाहेर आलो तेव्हा उजवीकडच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. डावीकडं, मुलाच्या बाजूला, आमचे हे एकटे बसले होते, कारण त्यांना मीच दुपारपासून ढकलून तिथं बसवलं होतं. भाऊजी सुमेधबरोबर फोटोसाठी आधीच नेलेले. बाकी सगळी खुर्च्यांची रांग रिकामी, आणि मंचावर भाऊजींच्या शेजारची खुर्चीही रिकामी. या वेळी ती कुणी उचलून नेली नव्हती. सुमेधनं आधीच सांगून ठेवली होती, तिच्यावर फुलांची दोरी बांधलेली होती. सुमेध मला पाहून खाली उतरला. "काकू, आत्या कुठी हाये?"

मी वाळूतून हॉटेलकडं पळाले.

आक्कांच्या खोलीचं दार उघडंच होतं. पांढरं पातळ, निळा काठ, पायात सुमेधनं घेतलेल्या नव्या चपला. खिडकीशी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"आक्का, चला. सगळे थांबून राह्यले."

"कोनं बोलावलं?"

"मी आली ना बोलवाले."

"तुले कोनं पाठवलं?"

त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "साखरपुड्यात मी आपली आपनच गेली होती. म्हून मांगं बसा लागलं. न बोलावता गेलेल्या मानसाले खुर्ची कोन देते? मले राग नाई वं. पोराचं लगन लागू दे. मी इथूनच हात जोडीन. इथून समुद्र दिसते."

"आक्का, खुर्ची मांडली हाये तिथं, तुमच्यासाठी. मी पाह्यली."

"मंग त्या मानसानं येऊन सांगावं."

मला आक्कांचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. एवढी वर्षं त्या बाईनं कुणाकडं काही मागितलं नाही. आणि आता मागत होती ते एवढंच, कुणीतरी दारात येऊन "चला" म्हणावं.

मी परत पळत गेले. सूर्य समुद्रापासून चार बोटांवर आला होता. तन्वी घड्याळ पाहत "गोल्डन अवर, गोल्डन अवर" करत होती. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मुलीकडच्यांनी बोलावल्याशिवाय आक्का यायच्या नाहीत. बाकीची मंडळीही त्याचसाठी खोलीत बसली असतील.

प्रांजलीचे बाबा चक्रावले. "अहो, ग्रुपवर चार वाजताच टाकलंय सगळ्यांना!"

"आक्काच्या फोनात ते नाई जी. आन असतं तरी त्या आल्या नसत्या. आमच्याकडं मुलीकडचं मानूस दारात येते."

त्यांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, "आमच्या आजोबांकडंही असंच होतं. मी विसरलो." सुमेध जायला निघाला, तर मी त्याला अडवलं. "तू जाऊन काय करशीन? तू त तिचाच हायेस."

तेवढ्यात प्रांजलीनं हातातली फुलं तन्वीच्या हातात दिली, साडीच्या निऱ्या दोन्ही हातांनी उचलल्या आणि ती चालायला लागली.

"मॅम, सूर्य चाललाय!" तन्वी ओरडली.

"उद्या परत येईल," प्रांजली म्हणाली, आणि गेली.

मी तिच्या मागं. दारात पोचलो तेव्हा तिच्या अनवाणी पायांना वाळू लागली होती. ती आत जाऊन आक्कांच्या खुर्चीसमोर फरशीवर बसली.

"आत्या, मी बोलवायला आलेय. आधीच यायला हवं होतं. आम्हाला सुचलं नाही, चुकलं आमचं. चला, सुमेधच्या आईच्या जागेवर तुम्ही बसायचंय."

आक्कांनी तिच्याकडं पाहिलं. "नवरी असं फिरते काय? मुलीकडचं दुसरं कोनी नोहतं काय?"

"होते ना. पण मलाच यायचं होतं."

"होऊ दे, घाई काय हाये," आक्का म्हणाल्या.

प्रांजलीनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या पाठीला, शिवलेल्या ठिकाणी, बोट लावलं आणि कानात सांगितलं, "अजून एकदा म्हन."

"चला ना, आत्या."

आक्का उठल्या. पदर सावरला, प्रांजलीच्या हाताला धरून तिला फरशीवरून उठवलं आणि तो हात सोडला नाही.

बाहेर पडलो तर खोल्यांच्या गल्लीतलं पुढचं दार करकरलं. नवे कपडे, पायात चपला, आमचे मावसदीर तयार उभे. प्रांजलीला आता समजलं होतं. ती थांबली, म्हणाली, "काका, चला लग्नाला." ते म्हणाले, "येतो जी, होऊ द्या." तिनं पुन्हा म्हटलं. ते आले. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. प्रत्येक दारामागं किन्हीराजाचं कुणी ना कुणी इस्त्रीच्या कपड्यात तयार बसलेलं, आणि नवरी प्रत्येकाला दोन-दोनदा बोलावत होती. अशी ती वरात निघाली. पुढं नवरी, तिच्या हाताला धरून आक्का, मागं सगळा गाव. मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

मंचाशी पोचलो तेव्हा सूर्य बुडून गेला होता. फोटोवाला तोंड पाडून उभा होता. आक्का पायऱ्या चढल्या, भाऊजींच्या शेजारच्या खुर्चीची फुलांची दोरी सोडून बसल्या आणि प्रांजलीच्या काकांना म्हणाल्या, "आता करा सुरू. मानसं आली."

वाऱ्यानं मेणबत्ती दोनदा विझली. तिसऱ्यांदा भाऊजींनी हाताचा आडोसा केला आणि आक्कांनी लावली. पंचशील सुरू झालं तसे मागून आणखी आवाज आले. मी वळून पाहिलं, तर हॉटेलची वाढपी मुलं आणि खोल्या झाडणाऱ्या बाया चपला काढून, हात जोडून आमच्याबरोबर म्हणत होत्या. शब्द तेच, जरा वेगळ्या सुरातले. आक्कांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. सुमेध रडत होता आणि लपवतही नव्हता.

फोटो अंधारात आले आहेत. बघायला दुकानात या, दाखवते.

निघायचा दिवस

परतीची बस न्याहारीनंतर होती. सकाळी उजाडताच आमच्या दारावर टकटक झाली. साधा सलवार-कुर्ता, ओले केस, दारात प्रांजली. "काका, काकू, न्याहारीला चला." आमचे हे सवयीनं "होऊ द्या" म्हणाले आणि तिनं सवयीनं दुसऱ्यांदा बोलावलं. एका रात्रीत पोरगी सगळं शिकली होती. ती एकेक दार वाजवत पुढं गेली.

थोड्या वेळानं ती धावत परत आली. तोंड उतरलेलं. "काकू, आत्या दार उघडत नाहीत. तीनदा बोलावलं. काही चुकलं का माझं?"

आम्ही दोघी गल्लीतून, बागेतून, समुद्राकडून "आत्या", "आक्का" अशा हाका मारत फिरलो. शेवटी जेवणाच्या हॉलमध्ये गेलो.

हॉल अजून रिकामाच होता. खिडकीजवळच्या टेबलाशी एकट्या आक्का बसल्या होत्या. समोर शेवयांचं ताट, अर्धं संपलेलं. शेजारची खुर्ची ओढून ठेवलेली आणि तिच्यापुढं दुसरं ताट वाढलेलं, वरून पालथी बशी झाकलेली.

प्रांजली धापा टाकत त्यांच्यापुढं उभी राहिली. "आत्या, मी तुम्हाला बोलवायला आले होते!"

आक्कांनी घास संपवला. मग त्या ताटावरची बशी काढून बाजूला ठेवली.

"मले कायले बोलावतं? सुनेच्या घरी सासूले बोलावनं लागते काय? बस, थंडं होऊन राह्यलं."